तळटीप : पोफळीचे भूमिगत वीजघर

२. लेखकाने ‘डोंगराच्या पोटातले कारखाने’ म्हटले आहे, ते कोयना प्रकल्पाच्या पोफळी (ता. चिपळूण) येथील भूमिगत वीजघराला उद्देशून. कोयना नदी कराडला कृष्णेला मिळते आणि तिचे पाणी पूर्व समुद्राकडे जाते. हेळवाकजवळच्या धरणाने ते शिवसागर जलाशयात अडवले आणि सह्याद्री पोखरून पश्चिमेला वळवले. साडेचारशे मीटरांहून अधिक उंचीवरून उतरलेले हे पाणी जनित्रे फिरवून कोळकेवाडी धरणात येते, अलोऱ्याला पुन्हा वीज देते आणि वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळते. पहिली वीज 1962 साली निघाली. आज चारही टप्पे आणि धरणपायथ्याचे वीजघर मिळून क्षमता 1960 मेगावॉट आहे. चौथ्या टप्प्यासाठी 13 मार्च 1999 रोजी जलाशय रिकामा न करता, पाण्याखालचा शेवटचा खडक सुरुंगाने उडवून बोगदा जोडण्यात आला. मराठी अभियंत्यांच्या या कामगिरीची शालेय पुस्तकांत अधिक सविस्तर नोंद हवी. लेखकाने गाळलेली एक बाब मात्र इथे नोंदवणे आवश्यक वाटते : शिवसागराखाली गावे बुडाली, आणि तिथल्या अनेक कुटुंबांना पुनर्वसनाच्या जमिनीसाठी पुढे कित्येक दशके झगडावे लागले. — संपा.