जावळ, गुटी आणि नेमावरचा घाट

माळव्यातल्या मराठी घराण्यांचा इतिहास सांगायला बसलो की आम्ही 1728 सालच्या अमझेऱ्याच्या लढाईपासून सुरुवात करतो. मग चिमाजीअप्पा, मल्हारराव, उदाजी पवार, मग सनदा, जहागिरी आणि मोडीचे रुमाल. या दप्तरांत तोफेला लागलेल्या बैलांचा हिशेब मिळतो. पण घरात दीड-दोन वर्षांचे मूल असताना त्या घरचा दिवस कसा जाई, ते कुणी लिहून ठेवलेले नाही. ज्यांच्या हातून तो दिवस पार पडे त्या बायकांना लिहिता येत नव्हते आणि ज्यांना येत होते ते फडात असत. तो दिवस सवयींत मात्र उरला आहे. त्यातल्या बऱ्याच सवयी नेमावरच्या घाटावर एकाच वेळी दिसतात, कारण आपल्यापैकी कितीतरी जणांचे जावळ तिथेच निघाले.

नेमावर आज देवास जिल्ह्यात. इंदूरहून कन्नोद, खातेगाव करत साधारण 130 किलोमीटर. संस्थानकाळात मात्र ते देवासच्या पवारांकडे नव्हते, होळकरांकडे होते. इंदूर संस्थानातल्या एका जिल्ह्याचे नावच मुळी नेमावर होते. नर्मदेच्या उत्तर तीरावर नेमावर, समोर दक्षिण तीरावर हंडिया. ही उताराची जुनी जागा. अल्बेरूनीने अकराव्या शतकात धारहून दक्षिणेकडे जाणाऱ्या वाटेवरचे नर्मदाकाठचे गाव म्हणून त्याचे नाव नोंदवले आहे. मोगलांच्या काळी बऱ्हाणपूरहून आग्र्याकडे जाणारी वाटही हंडियालाच नदी ओलांडे. फौजा गेल्या, व्यापारी गेले, आणि त्यांच्या मागे बैलगाड्यांतून तान्ही मुले घेऊन आपल्यासारखी कुटुंबेही अशाच उतारांवरून माळव्यात आली.

त्या घरांतला दिवस सहाणेपासून सुरू होई. वेखंड, जायफळ, हळकुंड, सुंठ, मुरडशेंग, बदाम, खारीक. प्रत्येकाचे वेढे मोजून, आईच्या दुधात उगाळून गुटी. किती वेढे द्यायचे हे आजीच ठरवी. नंतर तेल, डाळीचे पीठ, ऊन पाणी, शेगडीवर वावडिंग-ओव्याची धुरी, डोक्याला कुंची, गालाला तीट. दुपारी गुरगुट्या भात, थोडे मेतकूट. संध्याकाळी मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढणे. नव्या सुना याला आजीचे लाड म्हणून हसतात, त्यात त्यांची चूक नाही. पण या सगळ्या सोपस्काराच्या तळाशी भीती होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दोनशे मुले पहिला वाढदिवस पाहत नसत. खुद्द अहिल्याबाईंनी मुलगा गमावला, नातूही गमावला. दरबार आणि वैद्य हाताशी असून तिथे ही स्थिती, मग आपल्या वाड्यांतल्या एखाद्या कारकुनाच्या घरी काय असेल?

सर्वांत मोठी धास्ती देवीची. 14 जून 1802 रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला गोस्तन देवीची लस टोचली गेली आणि ती लागू पडली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी लस. तेव्हा ना शीतपेटी होती, ना बाटली. एका मुलाच्या दंडावर आलेल्या फोडातली लस काढून दुसऱ्याच्या दंडावर, तिथून तिसऱ्याच्या, अशी ती मुंबईहून पुढे पसरली. लहान मुलांनी ती आपल्या अंगावरून वाहून नेली, हे शाळेच्या इतिहासात आम्हाला कुणी शिकवले नाही. तरीही शितळेचा धाक गेला नाही. माळव्यात शितळासप्तमी होळीनंतर येते, आपली श्रावणात. कितीतरी मराठी घरांत आजही दोन्ही दिवशी चूल पेटत नाही. हा इथल्या शेजाराचा परिणाम, आणि थोडा ‘राहू दे, दोन्ही करू’ या आईपणाचाही. भारत 1977 साली देवीमुक्त जाहीर झाला. आपल्यातल्या साठीपुढच्यांच्या दंडावर ते गोल वण अजून आहेत. नातवंडे बोट लावून विचारतात, हे काय.

जावळाचा नवस याच धास्तीतून आलेला. मूल जगले, वाढले, तर त्याचे पहिले केस मैयाला. जबलपूरकडची आणि मुंबईकडची लोहमार्गाची टोके 1870 साली जोडली गेली, त्यानंतर दूरच्या पाहुण्यांना हरद्यापर्यंत आगगाडी मिळू लागली; पुढे हंडियापर्यंत बैलगाडी आणि मग नाव. बरोबर दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, कारण त्या टिकतात आणि सोवळ्यालाही चालतात. आता पूल आहे, मोटारी थेट घाटाजवळ जातात, डब्यात पोहे आणि शेव असते. मामाची मांडी तेवढी तीच. न्हाव्याचा हात लागताच मूल जो टाहो फोडते, तोही तोच.

घाटावर लहान मूल बरोबर असले की देवदर्शन आपल्या सवडीने होत नाही. एकाला भूक लागते, दुसऱ्याचा एक बूट पाण्यात जातो, तिसऱ्याला शी लागते. सिद्धनाथाचे मंदिर परमारकालीन आहे. बाहेरच्या भिंतींवरची मूर्तिकला पाहायला अभ्यासक दुरून येतात. आपण ती कडेवरचे मूल सावरत, तिरक्या नजरेने पाहतो. मुलांना शिल्पांपेक्षा भीम आवडतो. कौरव-पांडवांत पैज लागली आणि भीमाने एका रात्रीत अख्खे देऊळ पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरवले, असे इथे सांगतात. चार वर्षांच्या मुलाला ही गोष्ट सांगितली की त्याचा पहिला प्रश्न असतो, ‘आत देव होता तेव्हा? त्याला चक्कर नाही आली?’ पुजाऱ्यांनाही याचे उत्तर सुचत नाही. नर्मदेची नाभी इथेच, हे ऐकल्यावर तर मुले आपापले सदरे वर करून बेंबी तपासू लागतात.

एक गोष्ट आम्हाला खुपते. घाटावर मुलांना ‘हात सोडू नकोस’ म्हणणारे आता बहुतेक हिंदीत म्हणतात. मोठ्यांच्या सभांत, स्मरणिकांत मराठी आहे, आणि ती राहीलही. पण कुंची, तीट, टोपरे, गुरगुट्या हे शब्द पुस्तकातून कुणी शिकत नाही. ते मुलाला न्हाऊ-माखू घालतानाच कानावर पडतात. संस्थान 1948 साली विलीन झाले आणि मराठीचा दरबारी मान गेला, याची हळहळ आपण अजून करतो. न्हाणीघरातून मराठी कधी उठली, ते मात्र कुणाच्या लक्षातही आले नाही. त्यासाठी सरकारला बोल लावता येत नाही.

उन्हे उतरली की नावाडी शेवटच्या फेरीसाठी हाका मारतात. नावेत बसल्यावर मुले गप्प होतात, पाण्यात हात घालतात, मागे ओढली जातात. नुकतेच केस काढलेले डोके आजीच्या पदराखाली, त्यावर हळदीचा लेप. मधेच कुणीतरी ‘नर्मदे हर’ म्हणते आणि अजून नीट बोलता न येणारे लेकरू आपल्या परीने ‘हल’ म्हणून साद देते. मोटार खातेगाव गाठायच्या आत ते झोपलेले असते, मुठीत घाटावरचा एक गोटा. तो घरी येतो आणि सहाणेशेजारी फडताळात पडून राहतो.