२६३ किलोंची सायकल

कॅलिफोर्नियातील माउंटन व्ह्यू येथे संगणकाच्या इतिहासाचे मोठे संग्रहालय आहे. त्याच्या संग्रहात जुन्या यंत्रांबरोबर एक सायकलही आहे. तिला १०५ गिअर आहेत, सौर पट्ट्या आहेत, अनेक संगणक आहेत आणि वजन आहे ५८० पौंड, म्हणजे सुमारे २६३ किलो. नाव ‘बेहेमोथ’. हे नाव बायबलमधल्या महाकाय प्राण्याचे. पण बनवणाऱ्याने ते एका लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवून तयार केले होते, आणि त्या नावाच्या शेवटच्या तीन शब्दांचा अर्थ होतो ‘फक्त जरा जास्तच जड’. आपल्याच निर्मितीवर इतकी नेमकी टीका क्वचितच कोणी केली असेल.

ही सायकल रिकंबंट जातीची, म्हणजे पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची. तिच्यावर इतके सामान कसे चढले, हे समजण्यासाठी आधी पॅरिसला जावे लागते.

७ जुलै १९३३. फ्रान्सिस फोर हा दुसऱ्या फळीतला सायकलपटू शार्ल मोशे यांनी बनवलेल्या रिकंबंटवर बसला आणि एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला. १९१४ पासून अबाधित असलेला ऑस्कर एग यांचा ४४.२४७ किलोमीटरचा विक्रम मोडला. वाऱ्याचा अडथळा हे यामागचे सरळ कारण होते. आडव्या बसलेल्या माणसाचे शरीर वाऱ्याला कमी भिडते. मात्र आंतरराष्ट्रीय सायकल महासंघापुढे प्रश्न उभा राहिला, की हा विजय माणसाचा की यंत्राचा? १९३४ मध्ये महासंघाने सायकलची व्याख्याच अशी बांधली, की रिकंबंट अधिकृत शर्यतींतून बाहेर पडली. मोशे त्याच वर्षी वारले.

या निर्णयाने वेगाचे नुकसान झाले, हे नेहमी सांगितले जाते. सामानाचे काय झाले, हे सहसा कोणी सांगत नाही. सायकलीची बाजारपेठ शर्यतींच्या मागे चालते. शर्यत नाही म्हणजे मोठे कारखाने नाहीत, आणि कारखाने नाहीत म्हणजे ठरावीक मापाची कॅरिअर आणि पिशव्याही नाहीत. पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत चेस्टर काइल यांच्या पुढाकाराने मानवी बळावर चालणाऱ्या वाहनांच्या मुक्त शर्यती सुरू झाल्या आणि डेव्हिड गॉर्डन विल्सन या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी रिकंबंटला पुन्हा प्रतिष्ठा दिली. तरीही तिच्यावरून लांबच्या प्रवासाला निघणाऱ्याला बांधाबांधीचे शास्त्र बरेचसे स्वतःच रचावे लागे.

आणि हे शास्त्र साध्या सायकलीपेक्षा निराळे आहे. बैलगाडीत मागे भार जास्त झाला की ती उलाळ होते, जू वर उचलले जाते. गाडीवान म्हणूनच पोती पुढेमागे सरकवतो. लांब सांगाड्याच्या रिकंबंटची अडचण याच जातीची. स्वाराचा बहुतेक भार मागच्या चाकावर असतो. त्यात सगळे सामान पाठीमागच्या कॅरिअरवर लादले तर पुढचे चाक हलके पडते आणि खडीवर वळताना घसरते. म्हणून तंबूची कापडे, झोपायची पिशवी असे फुगीर पण हलके सामान मागे. हत्यारे, पाणी, अन्न असे जड सामान सीटखाली, दोन चाकांच्या मधे, जमिनीलगत. स्वाराची पाठ सीटला टेकलेली, त्यामुळे पाठपिशवी बाद. चढावर पेडलवर उभे राहून शरीराचा भार टाकता येत नाही. उभ्या सायकलीवर चार किलो जास्त झाले तर माणूस दोन मिनिटे उभा राहून ते निभावून नेतो. इथे प्रत्येक किलोची किंमत हलक्या गिअरमध्ये, सावकाश मोजावी लागते. दुचाकी फार सावकाश गेली तर तोल जातो, हा आणखी एक पेच. पुढचे चाक बहुधा लहान, मागचे मोठे. म्हणजे ट्यूब आणि टायर दोन मापांचे. चेन साध्या सायकलीच्या दुपटीहून लांब, म्हणून जादा कड्याही हव्यात. शिवाय उंच काठीला एक निशाण, कारण ट्रकचालकाच्या नजरेच्या खाली धावणारे वाहन त्याला दिसत नाही.

सप्टेंबर १९८३ मध्ये स्टीव्हन रॉबर्ट्स हा तिशीतला लेखक-तंत्रज्ञ ओहायोतील कोलंबसच्या उपनगरातून अशीच एक सायकल घेऊन निघाला. घर, त्याचे हप्ते आणि ते फेडण्यासाठी करावे लागणारे काम या चक्राला तो कंटाळला होता. घर त्याने विक्रीला काढले. स्थानिक कारागिराकडून रिकंबंट बांधून घेतली आणि ‘विनेबॅगो’ या प्रसिद्ध मोटारघराच्या नावावरून तिला ‘विनेबिको’ म्हटले. विनोद होता, पण हिशेबही होता. ही सायकल म्हणजे त्याचे घर आणि कार्यालय, दोन्ही होणार होती.

तंबू आणि स्टोव्ह यांच्या जोडीला सामानात एक नवी वस्तू होती. ती म्हणजे त्याच वर्षी बाजारात आलेला टीआरएस-८० मॉडेल १०० हा संगणक. वजन दीड किलोहून थोडे कमी, पडद्यावर ४० अक्षरांच्या ८ ओळी, वीज चार साध्या पेन्सिल सेलची, आणि आत टेलिफोनवरून मजकूर धाडणारा मोडेम. दिवसा सायकल चालवायची, मुक्कामी लेख लिहायचा आणि रस्त्याकडेच्या टेलिफोनवरून कॉम्प्युसर्व्हच्या जाळ्यात सोडायचा. ओहायोत एक साहाय्यिका टपाल आणि हिशेब पाहत असे. आज कॅफेत बसून दूरच्या कंपनीचे काम करणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. १९८३ मध्ये पत्ता नसलेल्या माणसाला संपादक काम देतील का, हाच प्रश्न होता. त्यांनी दिले. या प्रवासावर त्याचे पुस्तकही निघाले.

खरी गोष्ट यापुढे सुरू होते. एक अडचण रॉबर्ट्सच्या मनात राहिली होती. वाक्ये सुचतात ती पेडल मारताना, आणि मुक्कामी पोहोचेपर्यंत विरून जातात. १९८६ मध्ये त्याने ‘विनेबिको २’ तयार केली. हँडल सीटच्या दोन्ही बाजूंना खाली. त्याच्या मुठींत बटणे बसवली, ती एकत्र दाबून चालता चालता लिहिता येई. गिअर झाले ५४. मग १९९१ पर्यंत खपून ‘बेहेमोथ’: डोळ्यासमोर पडदा दाखवणारे शिरस्त्राण, उपग्रहाशी संपर्क, मागे जोडलेली ट्रेलर. यातली प्रत्येक वस्तू कुठल्यातरी खऱ्या गैरसोयीवरचा उपाय होती. म्हणूनच ‘हे ठेवून जावे’ असे एकीबद्दलही म्हणणे सोपे नव्हते. पण सौर पट्टी वाढली की बॅटरी वाढे, बॅटरी वाढली की वजन, आणि वजन वाढले की आणखी गिअर.

तिन्ही सायकलींचा प्रवास मिळून सुमारे १७,००० मैल भरतो. त्यातले जवळपास १०,००० मैल पहिलीच्या वाट्याचे. निघताना तिच्यावर चार सेलांचा एक संगणक होता. दुसरीचे सुमारे ६,०००. सर्वांत सुसज्ज अशा ‘बेहेमोथ’च्या वाट्याला उरतात जेमतेम १,०००.

या आकड्यांवरून रॉबर्ट्सला अपयशी ठरवणे घाईचे होईल. संग्रहालयाने ‘बेहेमोथ’ जपली, कारण चालत्या माणसाभोवती संगणक कसा गुंफावा याचे ते फार आधीचे उत्तर होते. मात्र पुढच्या प्रकल्पासाठी त्याने रस्ता सोडून पाणी निवडले. ‘मायक्रोशिप’ नावाची छोटी तीन-सांगाडी होडी त्याने बांधायला घेतली. पाण्यावर भार तोलायला चढ नसतात. शीड, सौर पट्ट्या आणि किनाऱ्यावर ओढून घेण्यासाठी चाके, असा तिचा बेत होता. पेडल त्याने तिलाही ठेवले.