उंबरठ्याच्या आतले म्हातारपण : ब्रिटनमधील घरच्या देखभालीचा इतिहास

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेली आपली पहिली पिढी आता सत्तरी-ऐंशीत पोहोचली आहे. या ज्येष्ठांच्या तोंडून एकच इच्छा आम्ही वारंवार ऐकतो : शेवटपर्यंत आपल्याच घरात राहावे. इच्छा साधी आहे. परंतु तिचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न या देशात जवळजवळ दोनशे वर्षे वादाचा राहिला आहे. तो इतिहास ठाऊक नसल्यामुळे आपली अनेक कुटुंबे हक्काची मदतही संकोचाने मागत नाहीत, असे आम्हांला दिसते.

१८३४ च्या गरीब कायद्याने निराधारांसाठी 'वर्कहाऊस' हेच मदतीचे मुख्य दार ठरवले. तेथील जिणे बाहेरच्या गरिबातल्या गरीब मजुराच्या जिण्याहूनही नकोसे असावे, हे त्या कायद्याचे उघड तत्त्व होते. घरी राहणाऱ्या वृद्धांना मिळणारी किरकोळ मदत पूर्ण थांबली नाही, पण १८७० नंतर तिच्यावरही कात्री चालली. या पार्श्वभूमीवर १९०८ चा वृद्धापकाळ पेन्शन कायदा महत्त्वाचा ठरतो. १ जानेवारी १९०९ पासून सत्तरी गाठलेल्या गरीब वृद्धांना आठवड्याला पाच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळू लागली, आणि तीही टपाल कार्यालयातून. रक्कम तुटपुंजी होती. परंतु ती घेण्यासाठी गरीब कायद्याच्या अधिकाऱ्यापुढे हात पसरावा लागत नव्हता. भीक आणि हक्क यांतला हा फरक आपल्या समाजाला कोणी समजावून सांगायला नको.

५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि त्याच दिवशी राष्ट्रीय साहाय्य कायदा अमलात येऊन जुना गरीब कायदा संपुष्टात आला. या दोन कायद्यांच्या मधोमध मात्र एक रेघ ओढली गेली. उपचार सर्वांना मोफत झाले; पण आंघोळ घालणे, कपडे चढवणे, जेवू घालणे ही देखभाल कौन्सिलकडे गेली आणि तिच्यासाठी ऐपतीनुसार पैसे मोजणे आले. कौन्सिलांवर वृद्धांसाठी निवासगृहे चालवण्याची जबाबदारी टाकण्यात आली. घरी मदतनीस पाठवणे मात्र त्यांच्या मर्जीवर राहिले. १९६२ पर्यंत तर वृद्धांच्या घरी जेवण पोहोचवण्याचे काम कौन्सिलांना स्वतः करता येत नसे. स्वयंसेवी संस्थांना अनुदान देणे एवढेच त्यांच्या हाती होते. त्याच वर्षी समाजशास्त्रज्ञ पीटर टाउनसेंड यांचा 'द लास्ट रेफ्यूज' हा अभ्यास प्रसिद्ध झाला. असंख्य वृद्ध अजूनही जुन्या वर्कहाऊसच्याच इमारतींत राहत असल्याचे त्यातून पुढे आले. पाटी बदलली होती, भिंती त्याच होत्या.

सरकारी पैसा माणसाऐवजी इमारतीकडे वाहतो, ही या इतिहासातली जुनी खोड आहे. १९८० च्या दशकात ती टोकाला गेली. गरीब वृद्ध खासगी केअर होममध्ये दाखल झाला, की सामाजिक सुरक्षा खाते त्याचा खर्च देई. त्याला तेथे राहण्याची खरोखर गरज आहे का, हे कोणी पाहत नसे. तोच वृद्ध घरी राहिला, तर कौन्सिलच्या आटत्या तिजोरीकडे डोळे लावून बसे. सर रॉय ग्रिफिथ्स यांच्या १९८८ च्या अहवालानंतर १९९० चा कायदा झाला. एप्रिल १९९३ पासून आधी गरज तपासायची आणि मग शक्य असेल तेथे घरीच मदत द्यायची, अशी रीत घालण्यात आली.

तथापि सर्वांत मोलाचा धडा अपंगांच्या चळवळीने दिला. हॅम्पशायरमधील 'ले कोर्ट' या निवासगृहातील काही रहिवाशांनी १९७९ च्या सुमारास विचारले, की आमच्या नावाने या संस्थेला दिला जाणारा पैसा आम्हांला बाहेर राहण्यासाठी का मिळू नये? 'प्रोजेक्ट ८१' या नावाने त्यांनी हा आग्रह चालवला आणि पुढील काही वर्षांत आपापल्या घरी राहून स्वतः मदतनीस नेमले. कायदा रोख रक्कम थेट देऊ देत नव्हता, म्हणून ती आडमार्गाने द्यावी लागली. याच प्रयत्नांतून १९९६ चा 'डायरेक्ट पेमेंट'चा कायदा आला. सुरुवातीला पासष्टीपुढच्यांना त्यातून वगळले होते. २००० साली त्यांनाही तो खुला झाला.

घरातल्या बाईच्या श्रमांची कथाही याच इतिहासात आहे. आजाऱ्याची काळजी घेण्यासाठी नोकरी सोडणाऱ्यांना १९७६ पासून भत्ता मिळू लागला, पण विवाहित स्त्रियांना नाही. त्या तशाही घरीच असणार, असे गृहीत धरले गेले. आईसाठी नोकरी सोडलेल्या जॅकलिन ड्रेक यांनी या अन्यायाविरुद्ध युरोपीय न्यायालयापर्यंत लढा दिला. १९८६ मध्ये निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि विवाहित स्त्रियांनाही भत्ता मिळू लागला. सासू-सासऱ्यांची सेवा हे सुनेचे कर्तव्यच, असे म्हणून तिचे श्रम न मोजणाऱ्या घरांनी हा निकाल जरूर आठवावा.

एवढे होऊनही १९४८ ची रेघ पुसली गेलेली नाही. स्कॉटलंडने २००२ साली पासष्टीपुढील व्यक्तींची वैयक्तिक देखभाल मोफत केली. इंग्लंडमध्ये २३,२५० पौंडांहून अधिक बचत असणाऱ्याला सर्वसाधारणपणे पूर्ण खर्च स्वतः करावा लागतो, आणि ही मर्यादा २०१० पासून बदललेली नाही. आयुष्यभराच्या खर्चाला कमाल मर्यादा घालण्याची तरतूद २०१४ च्या कायद्यात होती. ती वारंवार पुढे ढकलून अखेर २०२४ मध्ये गुंडाळण्यात आली.

तरीही हाती काहीच नाही, असे नव्हे. आर्थिक स्थिती कशीही असो, देखभालीची गरज भासणाऱ्या कोणालाही कौन्सिलकडून गरजांची पाहणी मागता येते. घरी राहून मदत घेताना राहत्या घराची किंमत ऐपतीत धरली जात नाही. केअर होममध्ये गेल्यावर मात्र, जोडीदार घरात राहत नसेल तर, ती बहुधा धरली जाते. १९७१ पासून चालत आलेला 'अटेंडन्स अलाउन्स' बचत न पाहता मिळतो आणि तो कसा खर्च केला, याचा हिशेब द्यावा लागत नाही. ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधी न घेण्याची अट आहे, त्यांनी मात्र अर्ज करण्यापूर्वी जाणकाराचा सल्ला घ्यावा.

'डायरेक्ट पेमेंट'चे मोल आपल्यासाठी आणखी वेगळे आहे. स्मृतिभ्रंशात मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी हरपते आणि मायबोली मागे उरते. अशा वेळी मराठी बोलणारी, भाकरी करून देणारी मदतनीस स्वतः निवडता येणे ही चैन म्हणता येणार नाही. ती निवड करण्याचा अधिकार ले कोर्टच्या रहिवाशांनी झगडून मिळवून दिला आहे. आपल्या ज्येष्ठांच्या वतीने तो अर्ज भरणे, पाहणीच्या दिवशी त्यांच्याजवळ बसणे आणि संकोचापोटी 'माझे ठीक चालले आहे' असे ते म्हणू लागले तर खरी अडचण अधिकाऱ्याला सांगणे, एवढे काम तरुण पिढीने अंगावर घ्यावे, अशी आमची विनंती आहे.