दान, बचत आणि निवारा

त्र्यंबकेश्वरच्या वाटेवरील अंजनेरी गावी प्राचीन मंदिरांचे भग्नावशेष आहेत. तेथील एका जैन मंदिरातील शके १०६३ च्या शिलालेखात, यादव नृपती सेउणचंद्राच्या काळी आठवे तीर्थंकर भगवान चंद्रप्रभ यांच्या मंदिरासाठी दुकाने दान दिल्याची नोंद आहे. संस्था टिकायची तर तिला कायमचे उत्पन्न हवे, हे त्या दात्यांनी ओळखले होते. परंतु ज्यांच्यापाशी दुकान नाही, घर नाही, पायाखालची जागाही स्वतःची नाही, त्यांनी आपला निधी कसा उभारावा? या प्रश्नाचे एक उत्तर सुमारे साडेआठशे वर्षांनी मुंबईतील भायखळ्याच्या पदपथावरील स्त्रियांनी दिले.

१९८१ साली मुंबईतील पदपथवासीयांना हटविण्याचा आदेश निघाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे मान्य केले; मात्र पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही. न्याय मिळाला, पण निवारा मिळाला नाही.

१९८४ साली शीला पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या 'स्पार्क' संस्थेने १९८५ मध्ये पदपथावरील सुमारे सहा हजार कुटुंबांची गणना केली. सरकारदरबारी ज्यांची नोंदच नव्हती, त्यांची ही पहिली मोठी नोंद होय. पुढे भायखळ्याच्या स्त्रियांनी 'महिला मिलन' संघटना उभारली. रोजच्या कमाईतून रुपया-दोन रुपये बाजूला पडू लागले. आजारपणात वा काम नसताना सावकाराच्या दारी न जाता या निधीतून कर्ज मिळे. हिशेब ठेवण्यासाठी निरक्षरता आड आली नाही. या स्त्रियांनी भावी घराचे आराखडेही स्वतःच आखले आणि पूर्ण आकाराची नमुनाघरे उभारून त्यांची प्रदर्शने भरविली.

जोकिन अर्पुथम यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ या कार्यात सहभागी झाला. अर्पुथम यांना २००० साली मॅगसेसे पुरस्कार लाभला. त्याच सुमारास रेल्वेमार्गालगतच्या सुमारे साठ हजार लोकांचे स्थलांतर या संघटनांच्या सहभागाने पार पडले. गणना, याद्या आणि शेजाऱ्यांचे गट ही कामे वस्तीनेच केली. भायखळ्याच्या पदपथावरील अनेक कुटुंबांना अखेर मानखुर्दच्या 'मिलन नगर'मध्ये हक्काची घरे मिळाली. त्यासाठी सुमारे दोन दशके वाट पाहावी लागली.

या यशाची दुसरी बाजूही नोंदविणे उचित होय. पुनर्वसनाच्या अनेक वसाहती मानखुर्द-गोवंडी परिसरातच उभ्या राहिल्या. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच एम-पूर्व विभाग तळाशी होता. छप्पर मिळाले, तरी रोजगार, शाळा आणि दवाखाना दूर राहिल्यास दारिद्र्य केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी साचते, हा त्याचा बोध होय.

अंजनेरीच्या दात्यांनी आपल्या संपत्तीतून दिले. भायखळ्याच्या स्त्रियांनी आपल्या अभावातून साठविले. समाजाच्या निधीचे मोल रकमेवर ठरत नाही. तो कोणाच्या हाती आहे आणि अडचणीच्या वेळी कोणाच्या दारी पोहोचतो, यावर ते ठरते. सार्वजनिक न्यासाच्या वाटचालीत हा विवेक दानाइतकाच मोलाचा आहे.