किराणा दुकान

किराणा दुकान म्हणजे वस्तीलगत असलेले, बहुधा एकाच कुटुंबाकडून चालविले जाणारे, दैनंदिन गरजेच्या वस्तूंच्या किरकोळ विक्रीचे छोटे दुकान होय. धान्य, डाळी, तेल, मीठ, साखर, गूळ, मसाले, चहा, साबण, आगपेटी, वह्या-पेन्सिली इत्यादी वस्तू येथे मिळतात. व्यापारी परिभाषेत धान्य-कडधान्यास 'भुसार' आणि मसाले, गूळ, सुकामेवा यांसारख्या जिनसांस 'किराणा' म्हणण्याचा संकेत आहे. व्यवहारात मात्र दोन्ही प्रकारचा माल एकाच दुकानात विकला जातो. गोव्याच्या कोंकणीत अशा दुकानास 'पसरो' म्हणतात.

जवळीक, थोड्या प्रमाणातील विक्री आणि उधारी हे या दुकानांचे प्रमुख फायदे होत. तुलनेने चढे दर, मर्यादित निवड आणि सुट्या मालाच्या दर्जाबाबतची अनिश्चितता या त्यांच्या मर्यादा होत. यांपैकी बरेचसे फायदे-तोटे एकाच कारणातून उद्भवतात. हे दुकान ग्राहकास वस्तूंबरोबरच वाहतुकीची बचत आणि पतही पुरवते, आणि त्यांचे मूल्य वस्तूच्या किमतीत मिसळलेले असते.

स्वरूप

किराणा दुकान बहुधा घराच्या पुढील भागात किंवा रस्त्यालगतच्या गाळ्यात असते. माल फळ्यांवर, बरण्यांत व डब्यांत ठेवलेला असतो आणि ग्राहकाने मागितल्यावर दुकानदार तो काढून, सुटा असल्यास तोलून देतो. ग्राहकाने स्वतः फिरून वस्तू निवडण्याची सोय सहसा नसते. दुकानदार काही माल तालुक्याच्या बाजारपेठेतील घाऊक व्यापाऱ्याकडून आणतो, तर कंपन्यांच्या वितरकांची वाहने काही माल दुकानापर्यंत पोहोचवतात. वेष्टित मालावरील नफ्याचे प्रमाण बरेचसे कंपनी व वितरक यांच्याकडून ठरते; सुट्या मालाचा दर ठरवण्याची मोकळीक दुकानदारास अधिक असते.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात किराणा व्यापार दीर्घकाळ वाणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्यापारी समाजांकडे होता. दक्षिण कोकणात वैश्यवाणी समाज परंपरेने या व्यवसायात आहे. पायली, शेर, पावशेर, छटाक ही मापे पूर्वी प्रचलित होती. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली. १९५६ च्या वजने व मापे कायद्यानंतर किलोग्रॅम व लिटर टप्प्याटप्प्याने रूढ झाले. तरीही पाव किलोस 'पावशेर' म्हणण्याची सवय बोलीत टिकून राहिली.

१९८० च्या दशकापासून शाम्पू व तत्सम वस्तू छोट्या पुड्यांत मिळू लागल्या. मोठी बाटली घेण्याची ऐपत नसलेल्या ग्राहकापर्यंत त्यामुळे हा माल पोहोचला आणि लहान दुकानांतील विक्रीचे स्वरूप बदलले. २०१६ मध्ये यूपीआय प्रणाली सुरू झाल्यानंतर भ्रमणध्वनीवरून पैसे देण्याची सोय खेड्यांतील दुकानांतही आली. २५ मार्च २०२० पासूनच्या देशव्यापी टाळेबंदीत किराणा मालाचा समावेश अत्यावश्यक वस्तूंत होता. वाहतूक थांबलेली असताना वस्तीतील दुकान हाच अनेक कुटुंबांचा आधार ठरला.

रेडी परिसरातील स्थिती

रेडी हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या वेंगुर्ला तालुक्यातील, गोव्याच्या सीमेलगतचे किनारपट्टीवरील गाव आहे. लोहखनिजाच्या खाणी, बंदर, यशवंतगड आणि द्विभुज गणपतीचे मंदिर यांसाठी ते प्रसिद्ध आहे. कोकणातील बहुतेक गावांप्रमाणे येथील वस्ती एकत्रित नसून वाड्यांमध्ये विखुरलेली आहे. मोठ्या खरेदीसाठी शिरोडा, वेंगुर्ला किंवा सावंतवाडी येथे जावे लागते. शिरोड्याचा आठवडा बाजार परिसरातील गावांना सोयीचा आहे. अशा रचनेत वाडीवरील दुकानाचे महत्त्व शहरातील कोपऱ्यावरच्या दुकानाहून अधिक असते, कारण अर्धा किलो साखरेसाठी बाजारगाठ करायची तर प्रवासाचे भाडे आणि दिवसाचा काही भाग खर्ची पडतो.

येथील अनेक कुटुंबांचे उत्पन्न ऋतुमानावर अवलंबून असते. आंबा-काजूचा पैसा उन्हाळ्यात येतो. पावसाळ्यात, सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै या काळात, यांत्रिक नौकांच्या सागरी मासेमारीस बंदी असते आणि त्यावर अवलंबून असणाऱ्यांची मिळकत आटते. म्हणूनच पावसापूर्वी तांदूळ, कडधान्ये, मीठ-मसाला यांची साठवण करण्याची, म्हणजे आगोटीची बेगमी करण्याची, प्रथा कोकणात आहे. ज्यांना अशी बेगमी एकरकमी पैसे देऊन करता येत नाही, ती कुटुंबे पावसाळाभर दुकानातील उधारीवर अवलंबून राहतात. चतुर्थीला मुंबईहून चाकरमानी आले, की पुष्कळ घरांतील जुनी खाती मिटतात.

फायदे

थोड्या प्रमाणातील विक्री हा या दुकानांचा पहिला फायदा होय. रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला त्या दिवशी हातात असलेल्या पैशांत तेल, डाळ व चहापूड घेता येते. दुसरा फायदा अंतराचा आहे. वृद्ध, आजारी व्यक्ती आणि वाहन नसलेली कुटुंबे यांना घराजवळ वस्तू मिळतात. लहान मुलांनाही दुकानावर पाठवता येते. तिसरा फायदा परिचयाचा आहे. उकडा तांदूळ, कुळीथ, आमसुले असा स्थानिक आहारातील माल दुकानदार गिऱ्हाइकांची आवड पाहून ठेवतो, खराब निघालेली वस्तू अनेकदा विनातक्रार बदलून देतो आणि गरजेच्या वेळी बंद दुकानही उघडतो. याखेरीज अशा दुकानातील नफा बहुतांशी गावातच राहतो.

मर्यादा

वाडीवरील दुकानदाराची खरेदी थोडी असल्याने त्यास घाऊक सवलत कमी मिळते आणि वाहतुकीचा खर्च अधिक पडतो. त्यामुळे सुट्या मालाचे दर मोठ्या बाजारपेठेपेक्षा चढे असू शकतात. लहान पुडीचा हिशेबही ग्राहकाच्या सहसा ध्यानात येत नाही. समजा, एका वस्तूचा एक किलोचा पुडा १४० रुपयांना आणि १०० ग्रॅमची पुडी १६ रुपयांना मिळते. दहा पुड्या घेणारा तेवढ्याच मालाला १६० रुपये देतो. हे २० रुपये केवळ एकदम १४० रुपये हाती नसल्यामुळे जातात. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी न्यूयॉर्कमधील अल्प उत्पन्न गटातील ग्राहकांचा अभ्यास 'द पुअर पे मोअर' (१९६३) या पुस्तकात मांडला. गरिबाला वस्तू महाग पडते, हा त्याचा निष्कर्ष होता. तो अभ्यास टिकाऊ वस्तूंच्या हप्तेखरेदीविषयी असला, तरी तत्त्व येथेही लागू पडते.

किनारपट्टीच्या दमट हवेत सुटा माल लवकर खराब होतो; डाळी-रव्यात किडे होतात, मिठाला व गुळाला पाणी सुटते. विक्री मंद असल्यास मुदत संपलेल्या पुड्या फळीवर राहण्याची शक्यता असते. पावती देण्याची पद्धत अनेक ठिकाणी नसल्याने तक्रारीच्या वेळी पुरावा उरत नाही. परिचयाचीही दुसरी बाजू आहे. कोणाच्या घरी काय आणि किती जाते हे दुकानात सर्वांना दिसते. स्त्रियांच्या मासिक पाळीसाठीची उत्पादने कागदात गुंडाळून देण्याचा प्रघात याच संकोचातून आला आहे.

उधारी

उधारी हे किराणा दुकानाचे सर्वांत मोठे सामर्थ्य आणि सर्वांत मोठा धोका मानले जाते. दुकानदार वहीत ग्राहकाच्या नावे तारीख, जिन्नस व रक्कम लिहितो; काही ठिकाणी ग्राहकाकडेही छोटी वही असते. तारण किंवा कागदपत्रे लागत नाहीत आणि वेगळे व्याज सहसा आकारले जात नाही. बँकेच्या दृष्टीने पत नसलेल्या माणसाला हीच एक पत उपलब्ध असते.

मात्र थकबाकीदार ग्राहकास दुसऱ्या दुकानात जाणे अवघड होते. दर, वजन वा दर्जा यांबद्दल तो मोकळेपणाने बोलू शकत नाही. काजूच्या हंगामात काही दुकानदार काजूबीही विकत घेतात. अशा वेळी घेणेकरी व खरेदीदार एकच असल्यास शेतकऱ्याची दराबाबत घासाघीस करण्याची शक्ती कमी होते. वहीतील नोंद ग्राहकाने वेळच्या वेळी पडताळली नाही, तर मतभेदही उद्भवतात.

दुकानदाराच्या बाजूनेही जोखीम असते. त्याचे भांडवल थकबाकीत अडकते, तर वितरकाला पैसे ठरल्या मुदतीत द्यावे लागतात. मुदतीची अट ठरलेली नसल्यास, विकलेल्या मालाच्या किमतीसाठी दावा करण्याची मुदत १९६३ च्या मुदत अधिनियमानुसार माल दिल्यापासून तीन वर्षे आहे. पण एवढ्या लहान रकमांसाठी न्यायालयात जाणे परवडत नाही. वसुली गावातील संबंध व लोकलाज यांवरच अवलंबून राहते.

कायदेशीर तरतुदी

वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार प्रमाणित व पडताळणी केलेली वजने-मापे वापरणे बंधनकारक आहे. वेष्टनावरील कमाल किरकोळ किंमत सर्व करांसह असते. तिच्याहून कमी दराने विकता येते, अधिक दराने विकणे हा अपराध आहे. थंड पेय गार करून दिल्याबद्दल जादा पैसे घेणेही यात मोडते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ नुसार लहान अन्नविक्रेत्यासही नोंदणी आवश्यक आहे. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाने प्रसिद्ध झालेल्या शिरोड्यात मिठागरे आहेत. परंतु आयोडीनरहित मीठ थेट मानवी आहारासाठी विकण्यास २००६ पासून देशभर मनाई आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार सदोष माल किंवा अनुचित व्यापारी प्रथेविरुद्ध जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते.

पर्याय

शिधापत्रिकाधारकांना रास्त भाव दुकानातून धान्य मिळते. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियमाने पात्र कुटुंबांना त्याचा कायदेशीर हक्क दिला. सहकारी क्षेत्रात मुंबईतील अपना बाजार (स्थापना १९४८) आणि अनेक कुटुंबांनी एकत्र येऊन महिन्याचा माल घाऊक घेण्याची मुंबई ग्राहक पंचायतीची (स्थापना १९७५) पद्धत ही प्रसिद्ध उदाहरणे आहेत. त्यांना आगाऊ मागणी व रोख रक्कम लागते. शहरांतील स्वयंसेवा भांडारे आणि घरपोच सेवा यांमुळे रोख ग्राहकास स्वस्त व विविध माल उपलब्ध झाला आहे.

मूल्यमापन

किराणा दुकान महाग की स्वस्त, याचे एकच उत्तर देता येत नाही. ते ग्राहकाच्या हाती एका वेळी किती पैसे आहेत यावर अवलंबून असते. महिन्याचा माल एकदम घेऊ शकणाऱ्या कुटुंबास आठवडा बाजार किंवा मोठे भांडार लाभदायक ठरते. रोजंदारीवरील कुटुंबास वाडीवरचे दुकान प्रति किलो महाग पडते, तरी त्याला अन्य मार्ग नसतो. या दोन्ही ग्राहकांचे हित परस्परांशी जोडलेले आहे. रोखीच्या गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशावरच दुकानदार इतरांची उधारी सांभाळतो. रोख ग्राहक बाहेर खरेदी करू लागले व दुकानात केवळ विसरलेल्या वस्तूंसाठी येऊ लागले, तर दुकानदारास प्रथम उधारी आवरती घ्यावी लागते. त्याची झळ सर्वांत आधी ज्यांना दुसरीकडे पत नाही त्यांनाच पोहोचते.