प्रारंभिक प्रोग्रामिंग अभ्यासक्रमावरील विद्यार्थी-अभिप्राय

प्रारंभिक प्रोग्रामिंग अभ्यासक्रमावरील विद्यार्थी-अभिप्राय म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षी प्रोग्रामिंग प्रथमच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांकडून अध्यापन, प्रात्यक्षिके, पाठ्यसाहित्य व मूल्यमापन यांविषयी पद्धतशीरपणे मते मागवणे आणि त्यांच्या आधारे अध्यापनात बदल करणे. शिक्षणशास्त्रात यासाठी 'प्रत्याभरण' ही संज्ञा वापरली जाते. महाविद्यालयांच्या रोजच्या व्यवहारात मात्र 'फीडबॅक' हाच शब्द रूढ आहे. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीसारख्या बहुभाषक यंत्रमागनगरीत या अभिप्रायाला भाषेच्या प्रश्नामुळे विशेष महत्त्व येते.

पार्श्वभूमी

भिवंडीतील बी. एन. एन. महाविद्यालय, जी. एम. मोमीन महिला महाविद्यालय इत्यादी संस्था मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. संलग्न महाविद्यालयांतील अभ्यासक्रम विद्यापीठाचे अभ्यास मंडळ ठरवते. २०१६-१७ पासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात बी. एस्सी. संगणकशास्त्राच्या पहिल्या सत्रात पायथन, तर बी. एस्सी. माहिती तंत्रज्ञानाच्या पहिल्या सत्रात 'इम्परेटिव्ह प्रोग्रामिंग' या नावाने सी ही भाषा ठेवण्यात आली. त्यामुळे एकाच इमारतीत शेजारशेजारच्या वर्गांत शिकणाऱ्या दोन विद्यार्थ्यांची प्रोग्रामिंगशी पहिली ओळख दोन अगदी भिन्न भाषांतून होऊ शकते. कोणती भाषा आधी शिकवावी, हे वर्गातील शिक्षकाच्या हाती नसते. अभिप्रायाचा विचार करताना ही बाब ध्यानात ठेवावी लागते.

इतर विषयांहून वेगळेपण

इतिहासाचे एखादे प्रकरण बुडाले तरी पुढचे प्रकरण समजू शकते. प्रोग्रामिंगमध्ये तसे होत नाही. चल म्हणजे काय, हे न कळलेल्या विद्यार्थ्याला लूप कळत नाही आणि लूप न कळलेल्याला ॲरे कळत नाही. मायकेल मॅकक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली अनेक देशांतील विद्यार्थ्यांची एक संयुक्त चाचणी प्रसिद्ध केली. तीत पहिला अभ्यासक्रम संपवलेल्या विद्यार्थ्यांना ११० पैकी सरासरी २३ गुणही मिळाले नाहीत. जेन्स बेनेडसेन व मायकेल कॅस्परसन या डॅनिश संशोधकांनी २००७ साली निरनिराळ्या देशांतील संस्थांकडून माहिती मागवली, तेव्हा अशा अभ्यासक्रमांतील अनुत्तीर्णांचे प्रमाण सरासरी ३३ टक्के आढळले.

यावरून अभिप्राय केव्हा घ्यावा, हा प्रश्न तो कसा घ्यावा यापेक्षा अधिक महत्त्वाचा ठरतो. सत्राच्या शेवटी भरून घेतलेल्या प्रपत्राचा लाभ झालाच तर पुढच्या तुकडीला होतो. ते भरणाऱ्याला होत नाही. शिवाय जे विद्यार्थी मधेच वर्गाला येणे थांबवतात, त्यांचे म्हणणे त्या प्रपत्रात उतरतच नाही. विषय जड गेलेल्यांचा आवाज वगळून काढलेली सरासरी साहजिकच समाधानकारक दिसते.

संकलनाच्या पद्धती

*नॅकचे सर्वेक्षण.* राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने (नॅक) २०१७ साली लागू केलेल्या सुधारित आराखड्यात 'विद्यार्थी समाधान सर्वेक्षण' समाविष्ट केले. त्यात ० ते ४ या श्रेणीतील २० वस्तुनिष्ठ प्रश्न व सूचनांसाठी एक मुक्तोत्तरी प्रश्न असतो. वर्गात किती टक्के अभ्यासक्रम शिकवून झाला, हा त्यातला पहिला प्रश्न. हे सर्वेक्षण संपूर्ण संस्थेविषयी असते. पायथनच्या तासाला नेमके कोठे अडले, हे त्यातून कळत नाही आणि तो त्याचा हेतूही नाही. परंतु नॅकसाठी प्रपत्रे भरून घेतली म्हणजे अभिप्रायाचे काम झाले, असा समज अनेक ठिकाणी दिसतो.

*एका मिनिटाची चिठ्ठी.* तास संपताना प्रत्येकाने निनावी कागदावर दोन ओळी लिहायच्या: आज काय समजले आणि काय समजले नाही. थॉमस अँजेलो व पॅट्रिशिया क्रॉस यांच्या वर्गमूल्यमापनावरील ग्रंथामुळे (दुसरी आवृत्ती, १९९३) ही पद्धत सर्वत्र परिचित झाली. खर्च नाही, इंटरनेट लागत नाही आणि साठ चिठ्ठ्या अर्ध्या तासात वाचून होतात. दुसऱ्या दिवशीच्या तासाची सुरुवात त्या चिठ्ठ्यांतील अडचणीने करता येते. लहान वर्गात हस्ताक्षर ओळखू येते, ही तिची अडचण. चिठ्ठ्या दुसऱ्या शिक्षकाने वाचून सारांश दिल्यास ती बरीच कमी होते.

*प्रात्यक्षिकांवरील प्रश्न.* प्रात्यक्षिक परीक्षेला बसण्यासाठी प्रमाणित जर्नल लागते. अनेक जर्नले शेजाऱ्याच्या जर्नलावरून उतरवलेली असतात, हे सर्वांना ठाऊक असते. त्यामुळे 'प्रात्यक्षिके पूर्ण झाली का?' या प्रश्नाला होकारच मिळतो. त्याऐवजी 'गेल्या आठवड्यातील कोणता प्रोग्राम न बघता पुन्हा लिहिता येईल?' किंवा 'संगणकाने दाखवलेली कोणती चूक दुरुस्त करता आली नाही?' असे विचारल्यास उत्तर उपयोगी येते. एका संगणकावर किती जण बसतात आणि कळफलक प्रत्यक्षात कोणाच्या हाती असतो, हेही स्वतंत्रपणे विचारावे लागते.

भाषेचा प्रश्न

भिवंडीत उर्दू, मराठी व हिंदी माध्यमांच्या शाळांतून आलेले विद्यार्थी एकाच वर्गात बसतात. काहींच्या घरी तेलुगू बोलली जाते. पाठ्यपुस्तक, प्रश्नपत्रिका आणि संगणकाचे त्रुटिसंदेश इंग्रजीत असतात. अशा वर्गात अभिप्रायाचे प्रपत्रही केवळ इंग्रजीत दिल्यास मुक्तोत्तरी प्रश्नाखाली 'गुड', 'नाइस' एवढेच लिहून येते किंवा जागा कोरी राहते. त्यातून विद्यार्थ्याचे समाधान कळत नाही. इंग्रजीत वाक्य लिहिण्याचा त्याचा संकोच तेवढा कळतो. कोणत्याही भाषेत, रोमन लिपीतसुद्धा, उत्तर लिहिण्याची मुभा स्पष्ट शब्दांत द्यावी लागते. विषय अवघड आहे की विषयाची भाषा, हे वेगळे करून विचारणे आवश्यक असते, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. दुसऱ्या अडचणीवर मुंबईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पातील मराठी, हिंदी व अन्य भारतीय भाषांतील ध्वनिचित्रपाठांचा उपयोग होतो.

मर्यादा

विद्यार्थ्यांनी शिक्षकांना गुण देण्याची पद्धत अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात हर्मन रेमर्स यांनी १९२० च्या दशकात रुजवली. तिच्या विश्वासार्हतेविषयीचा वाद अद्याप शमलेला नाही. ॲन बोरिंग व सहकाऱ्यांनी २०१६ साली अशा गुणांकनात स्त्री-शिक्षकांविरुद्ध कल असल्याचे दाखवले. बॉब उट्ल व सहकाऱ्यांच्या २०१७ सालच्या विश्लेषणात जास्त गुण मिळवणाऱ्या शिक्षकांचे विद्यार्थी अधिक शिकतात असे आढळले नाही. म्हणून अशा आकड्यांवरून शिक्षकाची वेतनवाढ वा नेमणूक ठरवणे धोक्याचे आहे. अध्यापन सुधारण्यासाठी विचारलेले प्रश्न आणि शिक्षकाचा निकाल लावण्यासाठी विचारलेले प्रश्न एकाच कागदावर असू नयेत.

कार्यवाही

मिळालेल्या अभिप्रायाची विभागणी तो कोण अमलात आणू शकेल त्यानुसार करतात. शिकवण्याचा वेग, उदाहरणांची निवड आणि समजावण्याची भाषा शिक्षक दुसऱ्याच दिवशी बदलू शकतो. संगणकांची संख्या, प्रात्यक्षिकांच्या तुकड्या व प्रयोगशाळेची वेळ हे महाविद्यालयाचे काम. अभ्यासक्रमाविषयीची मते अभ्यास मंडळाकडे पाठवावी लागतात. तेथे बदल होण्यास काही वर्षे लागू शकतात आणि हे विद्यार्थ्यांना आधीच सांगितलेले बरे. नॅकच्या निकषांत अभ्यासक्रमावरील अभिप्रायाबरोबर त्यावरील कार्यवाहीचा अहवालही अपेक्षित असतो. हा अहवाल बहुधा संकेतस्थळावर ठेवला जातो. ज्यांनी प्रपत्रे भरली त्यांना तो वर्गात वाचून दाखवण्याची प्रथा मात्र विरळ आहे.