बदल झाला, पण कळवायचं कोणी?

नोंद बदलणं आणि ती बदलल्याचं कळणं, या दोन वेगळ्या घटना आहेत. आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. पेटीतला जुना सातबारा आपणहून बदलत नाही. म्हणून तर १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनं कलम १५० मध्ये सांगून ठेवलंय की फेरफार नोंदवला की त्याची प्रत चावडीत लावा आणि संबंधितांना लेखी कळवा. म्हणजे जो नोंदवतो, त्यानंच कळवायचं.

संगणकाच्या इतिहासात हाच प्रश्न नेटवर्क ड्राइव्हवर उभा राहिला. कोड एडिटरमध्ये फाइल उघडी आहे, दुसऱ्या खोलीतल्या सहकाऱ्यानं ती बदलली, आणि आपल्या पडद्यावर मात्र जुनाच मजकूर. आपण त्यावरच काम करून सेव्ह केलं, तर त्याची दुपारभराची मेहनत पुसली गेली. शहाणा एडिटर सेव्ह करण्याआधी फाइलच्या बदलाची वेळ तपासतो. पण ती वेळही शिळ्या प्रतीतून आलेली असू शकते!

सन कंपनीनं १९८४ च्या सुमारास एनएफएस रचलं, तेव्हा सर्व्हरनं कोणाची कोणती फाइल उघडी आहे हे लक्षातच ठेवायचं नाही असं ठरलं. याला मूर्खपणा म्हणू नका. सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी जुना हिशेब जुळवावा लागत नाही, हा मोठा फायदा. पण ज्याला कोणी आठवतच नाही, तो कळवणार कोणाला? मग ग्राहक-संगणकानंच विचारत राहायचं. लिनक्समध्ये फाइलची माहिती साधारण ३ ते ६० सेकंद जुनी चालवून घेतली जाते.

त्याच दशकात कार्नेगी मेलन विद्यापीठात एएफएस घडत होतं. महादेव सत्यनारायणन त्याच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक. सुरुवातीला तिथंही ग्राहक दरवेळी विचारत, आणि त्या चौकशांनीच सर्व्हर दमला. पुढच्या आवृत्तीत सर्व्हरनं वचन दिलं की बदल झाला तर मीच सांगेन. आम्हाला हे चावडीच्या नोटिशीच्या जवळचं वाटतं.

२००५ मध्ये लिनक्समध्ये आयनोटिफाय आलं. एडिटरला बदलाची सूचना आता थेट कर्नलकडून. मात्र कर्नलला कळतं ते स्वतःच्या हातून गेलेलं. दुसऱ्या संगणकानं परस्पर सर्व्हरवर लिहिलेलं त्याला कसं दिसावं? त्याच्या माहितीपुस्तिकेतच हे कबूल केलंय, आणि अशा ठिकाणी प्रोग्रामनं स्वतः विचारत राहावं असंही म्हटलंय. ईमॅक्समध्ये आपोआप ताजं करण्याची सोय सुरू केली, की तो सूचनेची वाट पाहतोच, वर दर ५ सेकंदांनी स्वतःही डोकावतो. हा अविश्वास आम्हाला रास्त वाटतो. विचारण्याचा भार सर्व्हरवर पडतो खरा, पण आपल्या प्रयोगशाळेतल्या दहा-वीस संगणकांना तो परवडेल.